गोळा विझेपर्यंत

त्याला सगळे भाता म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, नाही असं नाही, पण ते विचारलं तर त्याची बायकोही क्षणभर थांबून सांगायची. काचेच्या कारखान्यात माणसाचं नाव भट्टीसमोर ठरतं. ऐन उमेदीत हा गडी फुंकणी तोंडाला लावायचा तेव्हा गाल असे फुगायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता फुटले. छाती लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली व्हायची. फुंकणी म्हणजे जवळजवळ माणसाएवढी लोखंडी नळी. भट्टीतल्या मातीच्या मुशीतून काचेचा लाल रस तिच्या टोकाला गुंडाळून घ्यायचा, साच्यात धरायचा, आणि दुसऱ्या टोकाने आपल्या पोटातली हवा त्यात ओतायची. झाली बाटली. औषधाची बाटली. देशभर लोक ज्या बाटलीतून खोकल्याचं औषध पीत, ती एका खोकणाऱ्या माणसाने फुंकलेली असे, आणि हे त्या बाटलीवर कुठेही लिहिलेलं नसे.

भात्याची छाती म्हातारपणाची वाट न बघताच खलास झाली. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून तो खिडकीबाहेर बघायचा. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं. कारखान्याने त्याला फुंकणीवरून काढलं आणि भट्टीराख्या केलं. तेलाच्या तोट्या बघायच्या, हवेच्या झडपा बघायच्या, आग कमी-जास्त होऊ द्यायची नाही. त्याच्या बाकड्यावर त्याचा जावई बसला. जावयाच्या हातात कसब होतं, जिभेला धार होती आणि छाती नवीकोरी होती. थोड्याच काळात तो फुंकणाऱ्यांचा म्होरक्या झाला.

त्या कारखान्यात एक रीत होती. कुणी घालून दिली, कुणाला ठाऊक नव्हतं. ठरलेल्या बाटल्या झाल्या की म्होरक्या मुशीतून मुठीएवढा रस काढायचा आणि दाराजवळच्या लोखंडी पत्र्यावर टाकायचा. लालभडक गोळा. सगळे फुंकण्या भिंतीला टेकवून दारात, वाऱ्याला जाऊन बसायचे. लालाचा तांबूस, तांबूसचा काळा होईस्तोवर कुणी उठायचं नाही. काळा दिसला तरी भरवसा नसतो, काच आतून रागीट असते. मग म्होरक्या त्यावर थुंकायचा. थुंकी चरचरली, तर अजून बसा. नाही चरचरली, तर उठा. याला ते दम म्हणत. घड्याळ मालकाचं असतं, त्याचे काटे हवे तसे फिरवता येतात. निवणाऱ्या काचेला घाई करणं कुणाच्या बापाला जमत नाही.

या दमावरूनच भात्याला त्याचा नाद लागला. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. भात्याला लागला एका शब्दाचा.

काच हा धंदाच फिरस्त्यांचा. एका देशातली भट्टी बंद पडली की माणूस फुंकणी खांद्यावर टाकून दुसरीकडे निघतो. भात्याच्या तरुणपणी त्याचा जोडीदार स्पॅनिश होता. दोघं एकाच फुंकणीवर आळीपाळीने फुंकत. पहिल्या संपाच्या वेळी दोघं फाटकाबाहेर बसले असताना जोडीदार म्हणाला, "आमच्याकडे याला उएल्गा म्हणतात. तुझ्याच घरचा शब्द आहे, भात्या."

"माझ्या घरचा? तो कसा?"

"लॅटिन भाषेत भात्याला जो शब्द होता त्यावरून आलाय. भात्यासारख्या धापा टाकणं. मग धापा टाकून झाल्यावर दम खाणं. मग आरामात बसणं. आणि शेवटी काम टाकून बसणं."

"म्हणजे आपण रोज दारात बसतो तो संपच की रे!"

"हळू बोल. मालकाला कळलं तर गोळासुद्धा बंद करील."

दोघं पोट धरून हसले. हसता हसता जोडीदाराला खोकला आला, आणि तो खोकला पुढे कधी थांबला नाही. जोडीदार गेला. शब्द भात्याकडे राहिला.

मग तो ज्याला त्याला विचारत सुटला. फाटकावर एक म्हातारा राखणदार होता, सगळे त्याला खलाशी म्हणत, कारण त्याचं अर्धं आयुष्य इंग्रजांच्या बोटींवर गेलेलं. तो म्हणाला, "स्ट्राइक म्हणजे मारणे, हे शाळेतल्या पोरांना सांग. बोटीवर स्ट्राइक म्हणजे शीड खाली उतरवणं. एकदा बंदरात मजुरीवरून बिनसलं, खलाशांनी सगळ्या बोटींची शिडं खाली घेतली. बोट हलेना. कप्तानाची काय बिशाद! तेव्हापासून काम थांबवण्याला तेच नाव पडलं."

साचे घडवणारा रशियन होता, अबोल माणूस. त्याला विचारलं तर कानस घासतच तो म्हणाला, "झबास्तोव्का. इटालियन लोक बास्ता म्हणतात ना, त्याच्यापासून."

"बास्ता म्हणजे?"

"बस्स. पुरे."

"एवढंच? पुढे काही नाही?"

"बस्स झाल्यावर पुढे काय असतं?"

भात्याला हा शब्द आवडला नाही. उर्मट वाटला. गंमत म्हणजे ज्या इटलीवाल्यांचा शब्द, ते स्वतः संपाला तो वापरत नाहीत. त्यांचा शब्द वेगळाच, कामातून बाहेर पडण्याचा. भात्याला वाटलं, बघा, त्यांनासुद्धा बस्स म्हणणं जिवावर आलं असणार.

आणि चौथा शब्द मिळाला तो बाटल्या भरणाऱ्या खात्यातल्या फ्रेंच बाईकडून. दणकट बाई, आवाज फाटका. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. ती म्हणाली, "ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू, दुसरं काही नाही. आमच्या राजधानीत नदीकाठी वाळूचा चौक होता. ज्यांना काम नाही ते सकाळी तिथे उभे राहायचे, कुणी नेतंय का बघत. मग काम सोडलेलेही तिथेच जमायला लागले."

"चांगला आहे की शब्द. मोकळा, वाऱ्याचा."

"त्याच चौकात माणसांना फासावर द्यायचे, तेही ऐकून ठेव. आणि भात्या, शब्दांनी चूल पेटत नाही, समजलं?"

भाता हसला. चूल पेटेना का, पण आग सांभाळताना माणूस एकटा असतो, त्याला तोंडात घोळवायला काहीतरी लागतं. एकच गोष्ट, आणि कुणी तिला शीड म्हणतो, कुणी वाळू, कुणी भाता, कुणी बस्स. ऑफिसातला कारकून एकदा म्हणाला, "आपल्याकडे नावातच सगळं आलं. संप. संपला!" आणि स्वतःच खिदळला. अशी खिदळणारी माणसं प्रत्येक ऑफिसात खुर्ची गरम करत असतात. जुन्या बोलण्यात संप म्हणजे एकी, मेळ, हे त्याच्या गावी नव्हतं. भात्याच्याही नव्हतं. मावशी परकी असून तिला ठाऊक होतं, पण तिने कारकुनावर तोंड वाया घालवलं नाही.

पुढे नवा साहेब आला. त्याने पहिल्याच आठवड्यात दाराजवळचा पत्रा उचलून भिंतीशी उभा केला आणि वर एक घंटा टांगली. दम घंटेवर. घंटा वाजली की बसा, वाजली की उठा. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मध्ये माणूस दारापर्यंत पोचेपर्यंतच परत फिरायची वेळ व्हायची. लोकांनी त्याचं नाव घंटासाहेब ठेवलं आणि दात-ओठ खात फुंकत राहिले.

हे चार दिवसांत सवयीचं झालं असतं. माणसाला कशाचीही सवय होते, मालक लोक त्याच्यावरच जगतात. पण भात्याची लेक एका संध्याकाळी बापाच्या खोलीत आली. दोन्ही घरं एकाच जिन्यावर होती, खाली म्हाताराम्हातारी, वर लेक-जावई. ती दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, यांच्या छातीत शीळ वाजते."

"थंडी असेल."

"मला शिकवू नका. तुमच्या छातीतली शीळ ऐकत मी लहानाची मोठी झालेय. सूर ओळखते मी."

भात्याच्या बायकोच्या हातातली पळी थांबली.  भात्याला स्वतःची शीळ पहिल्यांदा कधी वाजली ते आठवलं. तेव्हा तर दम होता, गोळा होता, दारातला वारा होता. तरी ही गत झाली. या पोराला तर तेवढंही नाही. घंटा अशीच वाजत राहिली तर ही छाती बाकड्यावरच विरून जाणार होती, आणि लेक त्याच्या बायकोसारखी, निजलेल्या माणसाचा श्वास ऐकत जन्म काढणार होती.

दुसऱ्या दिवशी जावयाने पत्रा आडवा टाकला आणि त्यावर गोळा टाकला. सगळे दारात जाऊन बसले. घंटासाहेब धावत आला.

"कोणी टाकला हा?"

"मी," जावई म्हणाला. "बसा साहेब, वारा चांगला आहे."

"घंटा झालीय!"

"मला ऐकू आली. गोळ्याला नाही आली."

त्याला तिथल्या तिथे कामावरून काढला. बाकीच्यांनी फुंकण्या खाली ठेवल्या. भरणाऱ्या बायका मावशीच्या मागे बाहेर आल्या. साचेवाल्याने कानस खिशात घातली. संप झाला. मागण्या दोन, गोळा परत आणि जावई परत.

आता दुसरी रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. काचेची भट्टी विझू देत नाहीत. विझली तर मुशी तडकतात, रस भट्टीच्या पोटात सांडून दगड होतो, मग घणाने सगळी भट्टी फोडून नवी बांधावी लागते. म्हणून त्या कारखान्यात आजवर जेवढे संप झाले, त्यांत भट्टीराख्या एकटा आत जायचा. फाटकावर संपवाले त्याला वाट करून द्यायचे. संप माणसांचा, आगीचा नाही, असं म्हणायचे. मालकाची आग संपवाल्यांनी राखायची! कुणी म्हणेल, हा शुद्ध गाढवपणा. म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या हाताने काही जन्मभर जिवंत ठेवून बघावं, मग तोंड उघडावं. त्या लोकांना कामाचा अभिमान होता, आणि अभिमानाची लाज वाटावी असं जग तेव्हा त्यांनी पाहिलं नव्हतं.

भाता रोज आत जायचा. ओसाड शेड, टेकवलेल्या फुंकण्या, आणि मधोमध ती एकटी भट्टी घोरत पडलेली. तो तोट्या बघायचा, झडपा बघायचा, आणि तिच्याशी बोलायचा. "शीड खाली आहे बरं का. तू मात्र पेटती राहा."

खलाशी फाटकावर त्याची थट्टा करायचा. "भाताराव, शिडं उतरवली आणि बोटीची चावी कप्तानाच्या गळ्यात! असला संप मी सात समुद्रांत पाहिला नाही."

"तुम्हाला काय कळतंय भट्टीतलं?"

"भट्टीतलं नाही कळत. कप्तानातलं कळतं. बोट हलत नाही म्हणून तो बोलायला येतो. तुमची बोट हलायला तयार बसलीय. नुसते हात हवेत त्याला."

"असे हात रस्त्यावर मिळत नाहीत."

"उपाशी हात कुठेही मिळतात, बाबा."

भात्याचं डोकं फिरलं. म्हाताऱ्याला पगार मालकाचा, जीभही मालकाची, असं मनात म्हणून तो पुढे गेला. पण ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं.

आणि झालंही तसंच. एका सकाळी मागच्या फाटकाने ताडपत्री लावलेल्या गाड्या आत आल्या. आतून पोरं उतरली. कुठून कुठून गोळा केलेली, गालफडं बसलेली, फुंकणी कुठल्या टोकाने धरायची तेही ठाऊक नसलेली. घंटासाहेबाने त्यांना भट्टीसमोर उभं केलं. पहिल्या दिवशी नुसता काचेचा ढिगारा झाला. दुसऱ्या दिवशी वाकड्या-तिकड्या का होईना, बाटल्या यायला लागल्या. घंटा वाजत होती. पोरं बसत नव्हतीच, त्यांना दम म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. भाता तोट्यांपाशी उभा राहून बघत होता. बाटल्या होत होत्या त्याच्या आगीवर, त्याने जपलेल्या, त्याने राखलेल्या आगीवर.

त्या संध्याकाळी तो फाटकातून बाहेर आला तेव्हा संपवाल्यांनी वाट दिली. मागून एक जण खाकरला आणि जमिनीवर थुंकला.

जावई जिन्यात बसला होता.

"मामा, बाटल्या कशा येतायत त्यांच्या?"

"वाकड्या."

"पण येतायत ना?"

भात्याने खिडकीबाहेर बघितलं. समोर भिंत होती.

"तुम्ही भट्टी विझवली असती तर आज घंटासाहेब आमच्या दारात आला असता," जावई म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तेच जास्त लागलं. "पहिल्याच दिवशी. आम्ही तुम्हाला म्हणालो नाही, कारण आमच्याही डोक्यात नाही आलं. आम्हीच तुम्हाला वाट करून दिली. सगळेच शहाणे."

"विझली तर कुणालाच काम नाही, जावईबापू. नवी बांधेपर्यंत खायचं काय?"

"आता काय खातोय?"

 आतून लेक म्हणाली, "जेवायला या दोघं," आणि जेवायला फारसं काही नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं.

संप असा एकदम मोडत नाही. जुन्या शिवणीसारखा उसवत जातो. आधी एक नजर चुकवतो, मग दुसरा आजारी पडतो, मग तिसऱ्याची बायको फाटकावर येऊन नवऱ्याला हाताला धरून नेते. एक दिवस मावशी जिना चढून वर आली, तेव्हा भाता लेक-जावयाकडे बसला होता. ती बसली नाही.

"उद्या दुपारपाळीला सगळे आत चाललेत," ती म्हणाली. "घंटा मान्य. माफी मागायची आणि फुंकायला लागायचं."

"सगळे?" भात्याने विचारलं.

"माझ्या बायकाही. मी कुणाला दोष देणार? घराघरात पोरं आहेत." मग जावयाकडे वळून म्हणाली, "तुलाही घेतायत. नवी पोरं काच वाया घालवतात, साहेबाला म्होरक्या पाहिजे. पण गोळ्याचं नाव काढायचं नाही."

जावई खाली बघत म्हणाला, "जातो."

 लेक उठली, नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन बसली आणि तिने त्याच्या पाठीला कान लावला, सगळ्यांच्या देखत. त्याने तिला झटकलं नाही. खोलीत कुणी हललं नाही, आणि मग सगळ्यांनाच ती शीळ ऐकू आली. बारीक, जिन्यातल्या फटीतून वारा यावा तशी.

मावशी गेल्यावर भाता खाली आपल्या खोलीत आला. बायकोने विचारलं, "अहो, काय चाललंय मनात?"

"त्या साचेवाल्याचा उर्मट शब्द," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखा आत गेला. पोरं फुंकत होती, घामाने निथळत, डोळे तारवटलेले. एक जण फुंकता फुंकता खोकत होता. घंटासाहेब ऑफिसात दुपारच्या माफीनाम्यांची तयारी करत असावा, बाहेर नव्हता. भात्याने भिंतीशी उभा केलेला पत्रा ओढत दाराजवळ आणला आणि आडवा टाकला. एक फुंकणी उचलली. किती वर्षांनी ती हातात आली होती, तिचं वजन खांद्याने ओळखलं. मुशीतून मुठीएवढा रस काढला आणि पत्र्यावर टाकला.

"ए पोरांनो, फुंकण्या टेकवा. इकडे या, वाऱ्याला बसा."

"काका, घंटा नाही झाली."

"झाली. माझी."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पण दमलेल्या माणसाला बस म्हटलं की त्याचे गुडघे आधी ऐकतात. एक बसला, मग सगळे बसले. भाता मागे गेला. तेलाची एक तोटी बंद केली. मग दुसरी. मग राहिलेल्या. मग त्याने हवेच्या झडपा सताड उघडल्या, ज्या आयुष्यात त्याने बोटभरापेक्षा जास्त उघडल्या नव्हत्या. भट्टीच्या पोटात थंड वारा शिरला आणि तिचं घोरणं थांबलं. तो क्षणभर झडपेला धरूनच उभा राहिला. वाटलं, अजून लावता येईल. अजून वेळ आहे.

मग तो परत आला आणि पोरांच्या शेजारी दारात बसला.

"काका, हे काय आहे?" खोकणाऱ्याने गोळ्याकडे बोट दाखवलं.

"दम."

"किती वेळ बसायचं?"

"हा विझेपर्यंत."

ते बसून राहिले. समोर गोळा तांबूस होत होता, आणि त्याच्या मागे भट्टीच्या तोंडातला पांढरा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी. पोरांच्या हे लक्षात आलं नाही, त्यांना वारा लागत होता. त्यातला एक तर बसल्या बसल्या पेंगला. मग आतून आवाज आला. कट्ट. जाड, खोल, हाड मोडावं तसा. पहिली मूस तडकली होती. मग दुसरी. रस भट्टीच्या पोटात वाहू लागला आणि वाहता वाहता घट्ट व्हायला लागला.

घंटासाहेब चप्पल अर्धवट पायात घालून धावत आला. "पेटवा! अरे पेटवा!"

पोरं धडपडून उठली आणि भात्याकडे बघू लागली.

"मुशी गेल्या, साहेब," भाता म्हणाला. "आता पेटवून काय उपयोग?"

"तू केलंस! तुला जेलात घालीन!"

"घाला."

भाता वाकला आणि गोळ्यावर थुंकला. थुंकी तशीच राहिली, चरचरली नाही.

"उठा रे," तो पोरांना म्हणाला. "घरी जा."

बाहेर फाटकावर दुपारपाळीला आत जायला सगळे गोळा झाले होते. धुरांड्याकडे आधी खलाशाचं लक्ष गेलं. त्याने टोपी काढली, का काढली ते त्यालाच ठाऊक. मग एकेकाची मान वर गेली. धूर नव्हता. गोष्टींत अशा वेळी लोक जयजयकार करतात. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. एक बाई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जावई गर्दीत होता. सासरा पोलिसांच्या मधून चालत बाहेर आला, दर चार पावलांवर थांबून धाप घेत, तेव्हा दोघांची नजरानजर झाली. जावयाने मान फिरवली.

मालक आला, विझलेल्या भट्टीकडे बघून पडलेला चेहरा करून गेला. पुढे कळलं की दुसऱ्या शहरात त्याची यंत्रं आधीच येऊन पडली होती. यंत्र बाटली वाऱ्याच्या पंपाने फुंकतं, त्याला छाती लागत नाही. त्याला नुसतं निमित्त हवं होतं, आणि ते भात्याने आयतं त्याच्या पदरात टाकलं. भट्टी कामगारांनी मारली, असं सांगून त्याने फाटकाला कुलूप लावलं आणि सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. संपभर फाटकावर न दिसलेले युनियनचे पुढारी म्हणाले, हे आमच्या रीतीत बसत नाही. त्यांच्या रीतीत काय काय बसतं, हे संप चालू असताना दिसलंच होतं. पोलिसांनी भात्याला थोडे दिवस ठेवला. त्याची धाप ऐकून हा आपल्याच कोठडीत मेला तर नसती ब्याद, म्हणून सोडून दिला.

त्याने केलं ते बरोबर की चूक, यावरून त्या गल्लीत अजून हातघाईवर येतात. येऊ देत. पण एवढं खरं, की तीच आग त्याने पहिल्या दिवशी विझवली असती तर संप जिंकला असता, आणि शेवटच्या दिवशी विझवली तेव्हा जिंकायला काही उरलं नव्हतं. मधले सगळे दिवस ज्यांनी त्याला फाटकातून आत सोडलं, तेच आज त्याच्या दारावरून तोंड फिरवून जातात. वाण्याने बोलणं सोडलं. जिन्यातली माणसं तो दिसला की आत वळतात. बायको म्हणाली, "उभा जन्म राखलीत, आणि शेवटी तुमच्याच हाताने." तो म्हणाला, "हो." तिने पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

लेक-जावयाने खोली सोडली. काच सुटली ती सुटलीच. आसपास दुसरी भट्टी नव्हती, आणि डॉक्टरने सांगितलं होतं की पुन्हा फुंकणी धरलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. आता जावई सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभा राहतो. तिथे बांधकामाच्या वाळूचा भलामोठा ढीग पडलेला असतो, त्याच्या कडेने काम नसलेली माणसं उभी असतात, कुणी नेतंय का बघत. मावशीही असते. साचेवाला खिशात कानस घेऊन असतो.

एका सकाळी भाता तिथे गेला. कसा गेला, किती ठिकाणी बसत गेला, कोण जाणे. माणसांनी त्याला पाहिलं आणि थोडी जागा सोडली, जवळ घेण्यासाठी नव्हे, अंग चोरण्यासाठी. मावशी तेवढी जागची हलली नाही. तिने पायाने वाळू उकरली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास? ये. हाच तो तुझा मोकळा, वाऱ्याचा शब्द." भात्याने मान खाली घातली.

जावई समोरच्या इमारतीत वाळूची पोती चढवत होता. एक पोतं टाकून तो खाली आला, सासऱ्याला बघून थबकला, आणि मग ढिगावर, त्याच्यापासून हातभर लांब, धपकन बसला. खांद्याची सालटी निघाली होती. छाती जोरजोरात वर-खाली होत होती. भात्याने श्वास रोखून कान दिला. धाप होती, नुसती कष्टाची धाप. शीळ वाजत असेलही आत कुठेतरी, पण त्याला ऐकू आली नाही. त्याने आणखी जवळ सरकून ऐकायला मान वाकवली.

वरून मुकादम ओरडला, "ए, चल, पुढचं पोतं!"

भाता घाबरून म्हणाला, "जावईबापू, बोलावतायत."

"बोलावू देत," जावई म्हणाला. त्याने सासऱ्याकडे बघितलं नाही. "दम खाऊ द्या, मामा."